डाव्या चाकाची मोगरी

साहेबांनी माझ्या बुटांचा नंबर विचारला, तिथून माझा संशय सुरू झाला.

आमचे साहेब जपानी. कतारमध्ये वेस्ट बे भागातल्या आमच्या ऑफिसात ते प्रकल्पाचे उपप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली सेफ्टी इंजिनिअर. क्रेननं जड सामान उचललं जातं तेव्हा कुणाच्या डोक्यावर काही येत नाही ना, हे पाहणं माझं काम. इतक्या वर्षांत त्यांनी मला कामाशिवाय काही विचारलं नव्हतं. मुलगी कितवीत आहे हेसुद्धा नाही. आणि त्या दिवशी माझ्या डेस्कपाशी येऊन, जरासं वाकून इंग्रजीत म्हणाले, "पुढच्या शनिवारी मोकळे आहात का? आमच्या लोकांचा वसंत ऋतूतला उत्सव आहे. रथ असतो, ढोल असतात. फॅमिलीला घेऊन या."

मी हो म्हणालो. साहेबाला नाही कसं म्हणायचं हे मला कुठल्याच शाळेनं शिकवलेलं नाही. ते दोन पावलं पुढे गेले आणि परत वळले.

"बुटांचा नंबर काय तुमचा?"

मी सांगितला. त्यांनी तो मोबाइलमध्ये टिपून घेतला, मान हलवली आणि गेले.

एरवी मी हे विसरलो असतो. पण ते दिवस वेगळे होते. प्रकल्प संपत आला होता, आणि चहाच्या मशीनपाशी एकच शब्द फिरत होता: ठेका. कंपनीच्या नोकरीतून माणूस काढायचा आणि त्याच खुर्चीत त्याच माणसाला, माणसं पुरवणाऱ्या एखाद्या कंत्राटदारामार्फत परत बसवायचं. काम तेच, हेल्मेट तेच. फक्त घर जातं, मुलांची शाळा जाते आणि फॅमिली व्हिसा राहत नाही. मल्याळी असो, बिहारी असो की पाकिस्तानी, सगळे हिंदीत एकच वाक्य म्हणत, "उसको ठेके पे डाल दिया."

मला भीती होती ती फक्त व्हिसाची. कतारला आल्यावर पहिली काही वर्षं मी नजमा भागात बॅचलर खोलीत काढली, वरच्या कॉटवर. मुलगी तेव्हा गावी लहानाची मोठी होत होती. मी सुट्टीत घरी गेलो की ती माझ्याकडे पाहायची, मग बायकोच्या फोनकडे बोट दाखवून म्हणायची, "बाबा तिथे आहेत." मी दारात उभा असायचो आणि माझं बाबापण फोनमध्ये असायचं. पुढे बढती मिळाली, दोघींना इथे आणता आलं. त्याबद्दल या देशाचा, या कंपनीचा आणि त्याच साहेबांचा मी ऋणी आहे, हे मी आजही मनापासून म्हणतो. आता मुलगी दहावीत जाणार होती. मी ठेक्यावर गेलो असतो तर त्या दोघी विमानात आणि मी परत वरच्या कॉटवर.

त्यात तो फोन झाला. साहेब काचेच्या मीटिंग रूममध्ये कुणाशी तरी जपानीत बोलत होते, दार अर्धं उघडं होतं. साइटवर राहून साहेबांना थोडे हिंदी शब्द येत: जल्दी, पक्का, ठेकेदार. 'ठ' मात्र त्यांच्या जिभेला जमायचा नाही. ठेकेदाराचा तेकेदार व्हायचा आणि सुपरवायझर लोक पाठीमागे हसायचे. तर त्या फोनवर आधी माझं आडनाव आलं. मग आलं, "तेको." परत माझं आडनाव, परत "तेको." मी मान वर केली तेव्हा ते काचेतून माझ्याकडेच पाहत होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी मान किंचित झुकवली आणि हात लांब करून दार लावून घेतलं.

जपानी भाषेतलं मला काही कळत नाही. पण तेको कळायला जपानी कशाला यायला हवं?

शुक्रवारी जेवायला माझा नजम्यातला जुना रूममेट आला. साताऱ्याकडचा आहे, एसी दुरुस्त करतो, बायको-मुलं गावी. माझ्या बायकोनं वांग्याचं भरीत केलं आहे असं कळलं की तो कुठूनही बस बदलत येतो. मी त्याला सगळं सांगितलं.

"बुटाचं माप?" त्यानं घास हातातच ठेवला. "लेका, माणसाचं माप दोघंच घेत्यात. एक शिंपी, आन दुसरा मयताची पेटी बनवणारा."

"भाऊजी, जेवताना काय बोलता!" बायको म्हणाली.

"अवो वहिनी, मी वंगाळ बोलतोय का? आमच्याकडं जत्रंच्या बोकडाला आदी आंघोळ घालत्यात, गळ्यात हार घालत्यात, हरभऱ्याची डाळ चारत्यात. बोकडाला वाटतं, आज आपला वाढदिवस हाय."

मुलीला तेवढं मराठी बरोबर कळलं. "वेट, बाबा इज द बोकड?" म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मी ताप आला म्हणून सांगतो," मी म्हणालो.

"काही नाही, जायचं," बायको म्हणाली. "मी येणार आहे. मला त्या माणसाचं तोंड एकदा जवळून बघायचंय. भाजीवाल्याचं तोंड बघून मला त्याचा तराजू कळतो."

संशय मला वडिलांकडून आला आहे. ते खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मार्केट यार्डात हमाल होते. पण गावच्या देवाच्या रथाच्या दिवशी ते मोगरीवाले असायचे. आमच्याकडच्या रथाला ना स्टिअरिंग असतं ना ब्रेक. शेकडो लोक दोर ओढतात आणि तो देवळाएवढा रथ वळवायचा, थांबवायचा कशानं, तर मोगरीनं. मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाची पाचर, तिला लांब दांडा. चाक फिरत असतानाच ती बरोबर जागी चाकाखाली सारायची. रथ डावीकडे वळवायचा तर डाव्या चाकाला मोगरी लावून ते धरून ठेवायचं, उजवं चाक फिरू द्यायचं. आतली मोगरी वेळेआधी निघाली तर रथ सरळ उसळतो, आणि बाहेरच्या चाकापाशी वाकलेला माणूस त्याच्याखाली जातो. डाव्या चाकाची मोगरी आमच्या घरात होती.

मी लहानपणी रथाच्या दिवशी त्यांच्यामागे उभा राहायचो. ते आमच्या अहिराणीत म्हणायचे, "देवकडे नको देखू, चाककडे देख. देवले बाकीना लोके देखतस." देवाकडे पाहायला बाकीचे लोक आहेत. आणि दोर ओढणाऱ्यांबद्दल म्हणायचे, त्यांच्या हातात भक्ती असते, आणि भक्तीला ब्रेक नसतो. अशा माणसाचा मुलगा सहजासहजी कुणावर विश्वास ठेवायला शिकत नाही. पुढे आमच्या शाळेतल्या गुरुजींनी वडिलांना सांगितलं, "पोराला मोगरीला लावू नका, पुस्तकाला लावा." वडिलांनी ऐकलं. आमच्या घरात पहिली पदवी आली ती त्या एका वाक्यामुळे, आणि मोगरी शेजारच्या घरी गेली.

तर शनिवारी आम्ही तिघं गेलो. शहराच्या उत्तरेला जपानी कुटुंबांची वस्ती आहे, उंच भिंतींच्या आत. गेटवरच्या नेपाळी गार्डनं आमचे कतार आयडी पाहिले आणि फोन करून विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण त्यानं मला सॅल्यूट ठोकला. मला गार्ड कधी सॅल्यूट करत नाहीत. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

आत खजुराच्या झाडांना गुलाबी कागदाची फुलं बांधली होती. त्यांच्याकडे या दिवसांत चेरी फुलते. इथे कागदावर भागवलं होतं. मधल्या रस्त्यावर रथ उभा होता. आमच्या प्रकल्पाच्या यार्डातल्या सुतारांनीच बांधलेला, दुमजली, बिनरंगाचं लाकूड, माझ्या कमरेएवढी भरीव लाकडी चाकं. वरच्या मजल्यावर बायका आणि मुलं ढोल घेऊन बसली होती. ढोल सुरू झाले. आमच्याकडचा ताशा कानात शिरतो. हा आवाज रस्त्यातून पायात आणि पायातून पोटात आला. मुलीनं मोबाइल वर धरला.

मी वर पाहिलं. रथात देव नव्हता.

"देव नाही आणला," पाठीमागून साहेब म्हणाले. निळा आखूड कोट, डोक्याला पिळलेलं फडकं. क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही. "देव जपानातच आहे. इथे फक्त गाडी. इथल्या नियमांना तेवढं चालतं."

त्यांनी माझ्या बायकोला कमरेतून वाकून नमस्कार केला. तिनंही केला, पण डोळे त्यांच्या तोंडावरून काढले नाहीत. मग एक बाई हसत आली आणि माझ्या हातात एक खोका देऊन गेली. आत काळ्या कापडाचे बूट होते. अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी, मधे फट.

"खुरं," बायको हळूच म्हणाली. "भाऊजींना सांगायला हवं."

मी बूट घातले. नंबर बरोबर होता. मग साहेबांनी स्वतः निळा कोट माझ्या अंगावर चढवला आणि एक फडकं पिळून माझ्या डोक्याला बांधलं.

"हारही आला," बायको म्हणाली. "आता डाळ राहिली."

साहेबांना वाटलं ती कौतुक करते आहे. त्यांनी तिच्याकडे पाहून पुन्हा मान झुकवली. मला त्यांच्या प्रत्येक झुकण्याचा आता धसका बसला होता. आमच्या प्रकल्पाचे प्रमुखही तिथेच दोर धरून उभे होते. एरवी लिफ्टमध्ये ओळख न दाखवणारा माणूस मला पाहून हसला. फाशीच्या आदल्या दिवशी कैद्याला काय खाणार म्हणून विचारतात, हेही मी कुठेतरी वाचलं होतं.

साहेब मला रथाच्या डाव्या चाकापाशी घेऊन गेले. खाली वाकले, चाकामागून एक जाड लाकूड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. एका टोकाला तासून चपटं केलेलं, दुसऱ्या टोकाला धरायला जागा.

"तेको," ते म्हणाले.

मी ते हातात घेतलं. वजन, तासलेल्या टोकाचा उतार, धरायची जागा. बाभूळ नव्हती, बाकी सगळं तेच होतं. माझ्या हातात मोगरी होती.

"तेको?" मी विचारलं. "याला तेको म्हणतात?"

"हो. याला. चाक वळवायला, थांबवायला. तुमच्या वडिलांचं... मोगली?"

"मोगरी," मी म्हणालो. मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना. इतक्या रात्री मी ज्या शब्दावर कूस बदलत काढल्या तो शब्द लाकडाचा होता.

"तुम्ही सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "वारा जास्त होता, क्रेन थांबवली होती. आपण पिकअपमध्ये बसलो होतो."

मग आठवलं. धुळीच्या वाऱ्यात समोरचं दिसत नव्हतं, बोलायला काही विषय नव्हता, आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून रथाबद्दल बोललो होतो. ते ऐकताहेत असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

"माझ्या गावी मी तेकोचा माणूस," ते म्हणाले. "इथे उजवं चाक माझं. डाव्या चाकाचा माणूस जपानला परत गेला. मी फोनवर उत्सवाच्या समितीला सांगितलं, माझ्याकडे एक माणूस आहे. ते म्हणाले, परदेशी? मी म्हणालो, त्याच्या वडिलांचं चाक होतं."

मी बायकोकडे पाहून लाकूड उंच केलं आणि ओरडलो, "अगं, मोगरी!" तिला काही कळलं नाही, पण माझा चेहरा पाहून तिचे खांदे खाली आले.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण साहेब रस्त्यावर, चाकाला टेकून मांडी घालून बसले. त्यांनी फडक्यात बांधलेला एक डबा सोडला. त्यात भाताचे गोळे होते, काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेले.

"बसा. मासा नाही, आत फक्त आंबट फळाचं लोणचं. एकाच डब्यातून खायचं. तुमच्या वडिलांचा नियम."

हाही मी सांगितला होता तर. रथ निघण्याआधी दोन्ही मोगरीवाले चाकापाशी बसून एका ताटात जेवत, ही आमच्याकडची पद्धत. जेवताना मनात असेल ते बोलून टाकायचं. भांडण असलं तरी चालेल, पण ताट उचलल्यावर दोघांत काही लपलेलं राहता कामा नये. कारण एकाचा पाय दुसऱ्याच्या हातात असतो. वडील आणि उजव्या चाकाचे काका यांचं बांधावरून वर्षभर बोलणं नसायचं. पण त्या एका ताटावर दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या देत, हात धूत आणि उठत.

मी एक गोळा उचलला, खाल्ला. भात गार होता, लोणचं आपल्या कैरीसारखंच झोंबलं. साहेबांनीही एक उचलला. मी दुसरा घेतला. त्यांचा पहिला अजून हातातच होता. ते त्याच्याकडे पाहत होते.

मी पुन्हा चाकाकडे पाहायला लागलो. देवाकडे नाही.

"सर," मी म्हणालो, "तो नियम मी तुम्हाला पूर्ण सांगितला होता का?"

"पूर्ण," ते म्हणाले.

वर ढोल थांबले होते. मुलं दोर धरून रांगेत उभी राहत होती. मी विचारलं, "मग माझं काय होणार? ठेका?"

हा शब्द त्यांना बरोबर कळला. त्यांनी भाताचा गोळा डब्यात परत ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"हो. जूननंतर. तुमचा पूर्ण विभाग. मी नको म्हणालो, पण वरून ठरलं आहे. सोमवारी सगळ्यांना सांगणार आहेत. मी तुम्हाला आज सांगणार नव्हतो, उत्सव होता म्हणून. पण तुम्ही विचारलंत, आणि आपण जेवतो आहोत." डब्याकडे पाहत ते म्हणाले, "मी तुमच्यासाठी दोन ठिकाणी बोललो आहे. उत्तर नाही. उत्तर येईल असं मी म्हणणार नाही."

मग त्यांनी तो गोळा उचलला आणि संपवला. सगळा, सावकाश. मलाही हातातला संपवावा लागला. त्यानंतर त्यांनी डबा बांधला.

लाकडाच्या दोन पट्ट्या आपटल्याचा आवाज झाला, निघायचा इशारा. ढोल सुरू झाले, दोर ताणला गेला, रथ करकरला आणि हलला. मी डाव्या चाकाबरोबर वाकून चालू लागलो. माझ्या मनात काय काय येत होतं ते सगळं सांगण्यासारखं नाही. मुलीची शाळा येत होती, वरची कॉट येत होती, आणि एवढी बातमी पोटात ठेवून माझ्या डोक्याला फडकं बांधणारा माणूसही येत होता. तो डबाही नाटक असेल का? माणसाला गोड बोलून कामाला लावायची यांची ही रीत असेल का? रस्ता कोपऱ्यापाशी डावीकडे वळत होता आणि तिथे थोडा उतार होता. दोर ओढणाऱ्या मुलांना उतार कळला नाही. ती हसत, ओरडत आणखी जोरात ओढायला लागली. भक्ती असो नसो, ब्रेक नव्हताच.

रथाखालून मला पलीकडचं उजवं चाक दिसत होतं, आणि त्याच्याशेजारी काळ्या कापडाचे, फट असलेले दोन बूट.

मी तेको सारला. चाक त्यावर चढलं, कुरकुरलं, थांबलं. दांडा माझ्या हातात थरथरला. रथ डाव्या चाकावर फिरायला लागला, उजवं चाक बाहेरून वळसा घेत आलं, त्याच्याबरोबर ते बूट छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकत होते. मी एकदा वाकून पलीकडे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते त्यांच्या चाकाकडे पाहत होते. पूर्ण वळणात त्यांनी माझा हात कुठे आहे हे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहत राहिलो. रथ सरळ झाला, मी तेको काढून घेतला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या ढोलवाल्या मुलांसाठी.

परत येताना गाडीत मुलगी मागे बसून व्हिडिओ पाहत होती.

"खोटं बोलणारा माणूस नाही," बायको म्हणाली. "पण काहीतरी वाईट सांगितलं ना त्यानं तुम्हाला? तुम्ही जेवताना तुमचे कान लाल झाले होते."

मी सांगितलं. ती म्हणाली, "घरी गेल्यावर आधी तुमचा बायोडेटा काढा."

साहेब बोलले होते त्या दोन्ही ठिकाणांहून काही आलं नाही. येईल असं त्यांनी म्हटलंही नव्हतं. जून जवळ येत होता, बायकोनं बॅगा काढून धूळ पुसून ठेवल्या होत्या. तेवढ्यात शहरातल्या मुशैरिब भागात इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मला जागा मिळाली. हुद्दा एक पायरी खाली, पण फॅमिली व्हिसा राहिला. मुलगी इथेच दहावीत गेली. रूममेटनं फोनवर विचारलं, "म्हंजे बोकड सुटलं म्हणायचं?" आणि भरीत कधी आहे तेही विचारून घेतलं.

नव्या ऑफिसातले साहेब बोलायला फार गोड आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खजुराचा मोठा डबा दिला, वर सोनेरी फीत. मी तो घरी आणून टेबलावर ठेवला. मुलीनं हात पुढे केला, तर बायकोनं डबा आपल्याकडे ओढला आणि मला विचारलं,

"त्यांनी स्वतः खाल्ला का यातला?"